साठीनंतरचे पाय

(नभोवाणीवरील भाषण)

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या वाटेवर, पवनी तालुक्यांत, कोंढा नांवाचें गांव आहे. आजूबाजूस धानाच्या बांधी, मध्येंच एखादा जुना मालगुजारी तलाव, लहानमोठ्या बोड्या, आणि पुढें पवनीस पोंचलें कीं वैनगंगा. या मुलुखांतून शिकून बाहेर पडलेलीं मुलें नागपूर, मुंबई, पुणें अशा शहरांत स्थायिक झालीं. माझ्या श्रोत्यांपैकीं कित्येकांचीं मुळें कोंढ्यासारख्याच कोठल्या तरी गांवांत असतील. दिवाळीस किंवा पोळ्यास हीं मंडळी घरीं जातात, तेव्हां त्यांच्या पिशवींत अलीकडे एक नवी वस्तु आढळूं लागली आहे. ती म्हणजे प्रथिनांच्या भुकटीचा डबा. वडील वाळले, दंडावरचें मांस उतरलें, चालतांना भिंतीचा आधार घेऊं लागले, हें मुलाच्या ध्यानांत आलेलें असतें. औषधांच्या दुकानदारानें डबा काढून दिला, त्यावर पिळदार दंडाच्या एका जवानाचें चित्र होतें, आणि भरपूर दाम मोजल्यामुळें कर्तव्य पार पडल्याचें समाधानहि मिळालें. घरीं गेल्यावर मुलगा आणखी एक गोष्ट करतो. "बाबा, आतां तुम्ही नुसतें बसा, बादली मी आणतों," असें म्हणून तो वडिलांच्या हातांतली पाण्याची बादली काढून घेतो.

या दोन गोष्टींपैकीं पहिलीनें वडिलांचें फारसें भलें होत नाहीं व दुसरीनें त्यांचें नुकसान होतें, असें मला आज सांगावयाचें आहे. पुत्रप्रेमावर हा आरोप कठोर वाटेल. म्हणून पुराव्यानिशीं बोललें पाहिजे.

मनुष्याचे स्नायु तिशी-चाळिशीपर्यंत भरलेले राहतात व पन्नाशीच्या सुमारास त्यांची उतरण स्पष्ट दिसूं लागते. दरसाल साधारणतः शेंकडा एक या मानानें मांस घटतें. परंतु बळ त्याहून झपाट्यानें घटतें. पंचाहत्तरीच्या सुमारास पुरुषांच्या मांड्यांचें बळ वर्षाला शेंकडा तीन-चार या हिशेबानें जातें, असें मोजमापांवरून दिसून आलें आहे. मांसापेक्षां बळ अधिक वेगानें कां जावें? पाठीच्या कण्यांतून निघणारे मज्जातंतु स्नायूंतील धाग्यांच्या एकेका जुडीला हुकूम देत असतात. वयाबरोबर यांतले कांहीं तंतु मरतात व त्यांच्या ताब्यांतले धागे पोरके होतात. त्यांतील कांहींना शेजारचा तंतु दत्तक घेतो. बाकीचे झिजून जातात. आणि विशेष दुःखाची गोष्ट ही कीं, या पडझडींत अधिक मार बसतो तो चपळ व जोरकस धाग्यांना. सावकाश चालणें, उभें राहणें यांस लागणारे धागे पुष्कळसे टिकून राहतात; परंतु ठेंच लागली असतां क्षणार्धांत पाय पुढें टाकून तोल सावरणें हें ज्यांचें काम, ते आधीं बारीक होतात. म्हणूनच रोज सकाळीं मैलभर फिरून येणारे वृद्ध गृहस्थ न्हाणीघरांत घसरले तर सावरूं शकत नाहींत. मांडीचें हाड खुब्याशीं मोडतें, आणि तेथून पुढें त्या घरांतील सगळ्यांचेच दिवस पालटतात.

अर्विन रोझेनबर्ग नांवाच्या अमेरिकन आहारशास्त्रज्ञानें १९८९ सालीं या ऱ्हासाला ग्रीक शब्दांवरून 'सार्कोपीनिया' असें नांव दिलें. सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे दारिद्र्य. आपण त्यास मांसदारिद्र्य म्हणूं. तोंपर्यंत हा प्रकार 'वय झालें' या दोन शब्दांत गुंडाळून ठेवला जात होता, व वय झालें यावर औषध नसल्यामुळें कोणी अधिक चौकशी करीत नव्हतें.

त्याच सुमारास बोस्टन शहरांत मारिया फियाटारोन या डॉक्टरीणबाईंनीं एक धाडसी प्रयोग केला. वृद्धांच्या एका शुश्रूषागृहांतील दहा जण त्यांनीं निवडले. त्यांचें सरासरी वय नव्वद वर्षें होतें. सांधेदुखी, हृदयविकार, पूर्वीं मोडलेलीं हाडें, असा सगळा संसार त्यांच्यामागें होता. अशा लोकांना त्यांनीं आठवड्यांतून तीन दिवस, मांड्यांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आणि तोहि लुटुपुटीचा नव्हे, तर ज्याला जेवढें जास्तींत जास्त वजन एकदां उचलतां येईल त्याच्या शेंकडा ऐंशीपर्यंत नेलेला. एकानें मध्यंतरीं सोडून दिलें. उरलेल्या नऊ जणांचें मांड्यांचें बळ आठ आठवड्यांत सरासरी शेंकडा १७४ नें वाढलें, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झालें. दोघांनीं हातांतली काठी सोडली. हा निबंध १९९० सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां नव्वदीच्या मनुष्याचा स्नायु पुन्हा वाढूं शकतो हीच गोष्ट अनेकांना नवी होती. पण त्याच निबंधांत आणखी एक आंकडा आहे, व तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. व्यायाम थांबवून चार आठवडे गेल्यावर मांड्यांच्या बळांतून शेंकडा ३२ नाहींसें झालें. चार महिने नव्हे, चार आठवडे.

चार वर्षांनीं, १९९४ त, त्याच बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डब्याची परीक्षा घेतली. या खेपेस शुश्रूषागृहांतील शंभर अशक्त वृद्ध होते, सरासरी वय ८७. त्यांचे चार गट केले. एका गटाला व्यायाम दिला. दुसऱ्याला नुसतें पौष्टिक पेय दिलें. तिसऱ्याला दोन्ही दिलीं. चौथ्याला व्यायामहि नाहीं व पेयहि तसेंच दिसणारें पण सत्त्वहीन. दहा आठवड्यांनीं पाहिलें तों व्यायाम करणाऱ्यांचें बळ शेंकडा ११३ नें वाढलें होतें. न करणाऱ्यांचें शेंकडा ३ नें. व्यायाम करणारे अधिक वेगानें चालूं लागले, जिने अधिक जोरानें चढूं लागले. नुसत्या पौष्टिक पेयाचा मात्र बळावर, चालण्यावर अथवा जिना चढण्यावर कांहींहि परिणाम आढळला नाहीं. याचें एक कारण त्या प्रयोगांतच सांपडतें. ज्यांना पेय मिळालें पण व्यायाम मिळाला नाहीं, त्यांचा दिवसाचा एकूण आहार कांहीं वाढलाच नाहीं. कारण पेयानें पोट भरलें म्हणून त्यांनीं तेवढें जेवण कमी केलें. आहार वाढला तो फक्त व्यायाम व पेय अशीं दोन्ही मिळालेल्यांचा. श्रमानें भूक लागली आणि मग पेयाला जागा झाली.

आपल्या कोंढ्याच्या गृहस्थांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. डब्यांतील दोन चमचे भुकटी दुधांत कालवून सकाळीं घेतली कीं दुपारीं भात अर्धाच जातो. सूनबाई म्हणते, "बाबांचें जेवण कमी झालें," आणि मुलगा फोनवरून सांगतो, "मग डबा वाढवा."

येथें कोणी म्हणेल, कीं खेड्यांतल्या माणसाला व्यायाम सांगावयाचा कशाला? जन्मभर ज्यानें चिखलांत वांकून रोवणी केली, धानाचे भारे डोक्यावरून खळ्यावर आणले, पोतीं बैलगाडींत चढविलीं, त्याला वजन उचलावयास शिकवणें म्हणजे माशाला पोहणें शिकविण्यासारखें आहे. हें खरें आहे, जोंवर तो काम करतो तोंवर. परंतु आतां पुष्कळ ठिकाणीं कापणी-मळणी यंत्रानें होते, नांगराची जागा ट्रॅक्टरनें घेतली आहे, आणि साठीच्या पुढें घरांतलीं मुलें म्हाताऱ्याला बांधावर उभें राहून देखरेख करण्यापुरतें ठेवतात. ज्या स्नायूंनीं चाळीस वर्षें भारे वाहिले, त्यांना एकाएकीं निरोप मिळतो. शरीराचा कारभार कंजूष सावकारासारखा असतो. जें वापरांत नाहीं त्यावर तें खर्च करीत नाहीं. शहरांत तर पेन्शन सुरू होण्याच्या आधींच हा निरोप मिळालेला असतो. जेवण टेबलावर, देवपूजा खुर्चीवर, शौचकूप बैठ्या घाटाचा, वर जाण्यास लिफ्ट. दिवसभरांत गुडघे पूर्ण वांकवून जमिनीवर बसण्याचा व तेथून उठण्याचा प्रसंगच येत नाहीं. पाटावर जेवणाऱ्या आपल्या आजोबांना दिवसांतून दहावीस वेळां जमिनीवरून उठावें लागे. त्यास कोणी व्यायाम म्हणत नसे, पण मांड्यांचा तो नित्य अभ्यास होता.

दुसरा आक्षेप शास्त्राधारानें येतो, व तो टाळून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त व्यायामाची मोठी स्तुति आहे. परंतु ज्यांनीं तो वर्ज्य करावा अशांच्या यादींत बालकाबरोबर वृद्धाचेंहि नांव आहे. आपल्याकडे 'आतां या वयांत कसला व्यायाम' ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे, तिच्या मागें या परंपरेचें वजन असावें. मला जुन्या ग्रंथकारांविषयीं पूर्ण आदर आहे. परंतु त्यांच्यासमोर व्यायाम म्हणजे तालमींतला, घाम निथळेपर्यंतचा, कुस्तीगिराचा व्यायाम असला पाहिजे, असें मला वाटतें. मापून दिलेला, दर आठवड्यास थोडथोडा वाढविलेला भार नव्हे. आणि त्याच वाग्भटानें बलवानालाहि आपल्या शक्तीच्या अर्ध्यानेंच व्यायाम करावयास सांगितलें आहे. तेवढा नियम आरंभीं वृद्धानें घेतला तर त्यांत बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. आधुनिक पुरावा मात्र निःसंदिग्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं केलेल्या शिफारशींत पासष्ट वर्षांवरील लोकांना आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंचें बळ वाढविणारा व्यायाम व तीन दिवस तोल सांभाळण्याचा अभ्यास सांगितला आहे. नुसतें फिरणें पुरेसें धरलेलें नाहीं.

आमच्या विदर्भाला तर हा विषय परका वाटूं नये. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान आखाड्याचें काम सुरू केलें. त्याचेंच पुढें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें, आणि १९३६ त बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्या मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. तिकडे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार उतारवयापर्यंत चालविला. ते १८६८ त जन्मले व १९५१ त, ब्यायशी वर्षांचे होऊन वारले. नमस्कार उत्तमच, खांदे, पाठ, कंबर यांना त्याचा लाभ होतो. पण माझें मत असें आहे कीं, वृद्धाला आधीं बैठक हवी. त्याचा संसार हातांवर कमी आणि मांड्यांवर अधिक चालतो. मांडी गेली कीं शौचास जाणें परस्वाधीन होतें. आणि ज्यानें आयुष्यभर कोणापुढें हात पसरला नाहीं, त्याला तेवढ्यासाठीं हांक मारावी लागते. ही लाज मनुष्य कोणाजवळ बोलत नाहीं, पण त्याचें जेवण आणि पाणी तिच्यामुळें कमी होत जातें.

आतां ताटाकडे वळूं. सरासरी साठ किलो वजनाचा वृद्ध धरला, तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या मानाप्रमाणें त्याला किलोमागें ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसास सुमारें पन्नास ग्रॅम प्रथिनें पाहिजेत. परंतु हें मान सर्व प्रौढांना सरसकट लागू केलेलें आहे. वृद्धांच्या आहाराचा स्वतंत्र विचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१३ सालीं किलोमागें १ ते १.२ ग्रॅम असा सल्ला दिला; म्हणजे आपल्या गृहस्थांना साठ ते बहात्तर ग्रॅम झाले. वृद्धाला जास्त कां? तरुणाचा स्नायु एका जेवणांत पंधरा ग्रॅम प्रथिनें मिळालीं कीं बांधकामाला लागतो; म्हाताऱ्याचा स्नायु जरा बहिरा झालेला असतो, त्याला जागें करण्यास चोवीस-पंचवीस ग्रॅमांची हांक लागते. म्हणून दिवसाची बेरीज पुरेशी असून भागत नाहीं. निदान दोन जेवणांत तरी ती भरघोस पडली पाहिजे.

भंडाऱ्याकडील साधें शाकाहारी जेवण मीं हिशेबासाठीं मांडून पाहिलें. सकाळीं चहा आणि पोहे, यांत पांच-सहा ग्रॅम. दुपारीं दीडशें ग्रॅम तांदुळाचा भात, त्यांत बारा ग्रॅम; मूठभर तुरीच्या डाळीचें वरण, त्यांत साडेसहा; भाजीचे एखाददोन; मिळून वीस. रात्रीं भूक कमी, भात कमी, वरण पातळ, चौदा. एकूण चाळीस. म्हणजे पोट भरलेलें, ढेंकर आलेली, आणि स्नायूंच्या वांट्यास वीस-तीस ग्रॅमांची तूट. भातावर राग धरण्याचें कारण नाहीं. पण भाताच्या शंभर ग्रॅम तांदुळांत प्रथिनें आठच ग्रॅम असतात, आणि वरण जितकें पातळ तितका हिशेब पातळ.

ही तूट भरून काढण्यास डबाच लागतो असें नाहीं. दोन अंड्यांत तेरा ग्रॅम आहेत. तलावांतल्या रोहू किंवा तसल्याच मासळीच्या शंभर ग्रॅमांत एकोणीस-वीस. आणि भंडारा हा तलावांचा जिल्हा, तेथें ढीवरांच्या जाळ्यांतून ताजी मासळी दारापर्यंत येते. जे मांसमासे खात नाहींत त्यांना मोठा पेला दुधाचे आठ, वाटीभर घट्ट दह्याचे पांच, मूठभर शेंगदाण्यांचे सात, आणि तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचे पंधरा. सोयाबीनच्या वड्यांना आमच्या घरांत अजून प्रतिष्ठा मिळालेली नाहीं, हें मला ठाऊक आहे. परंतु मोडाच्या उसळींत मिसळल्या असतां त्या फारशा कुरकुर करीत नाहींत.

याच ठिकाणीं लाखोळीचें नांव काढलें पाहिजे, कारण कोंढ्याच्या आसमंतांतील म्हाताऱ्यांपाशीं प्रथिनांचा विषय काढला तर ते लाखोळीच्या डाळीची आठवण केल्यावांचून राहणार नाहींत. धान उभें असतांनाच ओल्या बांधींत तिचें बीं फेंकतात. धान कापलें कीं ती जमिनींतल्या ओलीवर वाढते. नांगरट नको, पाणी नको. शंभर ग्रॅमांत सुमारें अठ्ठावीस ग्रॅम प्रथिनें, म्हणजे तुरीपेक्षां सरस. परंतु तिच्यांत मज्जातंतूंना मारक असें एक द्रव्य आहे. दुष्काळांत दुसरें धान्य न उरल्यामुळें जे लोक महिनोन् महिने मुख्यतः तिच्यावरच राहिले, त्यांचे पाय ताठरून ते जन्माचे पंगु झाले. मध्यप्रदेशांतील रेवा भागांत याचे कळप दिसत असत. 'भावप्रकाशा'तहि ही डाळ मनुष्यास लंगडा करते असें नमूद आहे. १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली, तरी बांधींत ती पेरली जातच राहिली. पुढें शास्त्रज्ञांनीं रतन, महातिवडा अशा कमी विषाच्या जाती काढल्या. पायांना बळ देणारें द्रव्य आणि पाय हिरावून घेणारें द्रव्य एकाच दाण्यांत असावें, हा निसर्गाचा चमत्कारिक विनोद म्हटला पाहिजे. माझा सल्ला साधा आहे. ज्या घरीं ती खाण्याची चाल आहे, तेथें ती गरम पाण्यांत भिजवून, तें पाणी टाकून देऊन, इतर डाळींच्या जोडीला अधूनमधून खावी. रोजची मुख्य डाळ तिला करूं नये, आणि प्रथिनांच्या लोभानें वृद्धाच्या ताटांत तर मुळींच वाढवूं नये.

मग डबा सर्वथा त्याज्य का? तसें मी म्हणणार नाहीं. दांत गेले आहेत, आजारांतून उठले आहेत, दोन घास जात नाहींत, अशा वृद्धाला दुधांत कालवलेली भुकटी उपयोगी पडते. मात्र ती जेवणानंतर किंवा व्यायामानंतर द्यावी, जेवणाच्या तोंडावर नव्हे. बाजारांतल्या डब्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये हेंहि खरें. २०२४ सालीं आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या अशा छत्तीस उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारें शेंकडा सत्तरांत प्रथिनांचें प्रमाण वेष्टणावर लिहिल्याप्रमाणें नव्हतें. त्याच वर्षीं राष्ट्रीय पोषण संस्थेनें आपल्या आहारविषयक मार्गदर्शनांत अशा भुकट्यांच्या नित्य सेवनाविरुद्ध इशारा दिला.

दुसरीं दोन द्रव्यें सध्यां कानांवर येतात. क्रिएटीन हें मूळचें मांसांत आढळणारें द्रव्य. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा सांठा कमी असतो. दिवसास तीन ते पांच ग्रॅम क्रिएटीन घेऊन जे वृद्ध वजनांचा व्यायाम करतात, त्यांच्या अंगीं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षां किलो-सव्वा किलो अधिक मांस चढतें, असें अनेक प्रयोगांच्या बेरजेवरून दिसतें. व्यायाम नसेल तर त्याच्यापासून फारशी आशा धरूं नये. तें घेतल्यानें रक्तांतील क्रिएटिनिनचा आंकडा थोडा चढतो, म्हणून रक्त तपासण्यापूर्वीं डॉक्टरांना सांगावें, नाहींतर मूत्रपिंडें बिघडल्याचा उगाच घोर लागतो. दुसरें ड जीवनसत्त्व. तें कमी असेल तर भरून काढलेंच पाहिजे. पण 'जितकें अधिक तितकें बरें' हा हिशेब येथें उलटा पडतो. ऑस्ट्रेलियांत सत्तरीवरील स्त्रियांना वर्षांतून एकदां पांच लाख युनिटांचा एकच मोठा डोस दिला गेला. २०१० सालीं निकाल आला तों डोस घेतलेल्या बायका न घेतलेल्यांपेक्षां अधिक वेळां पडल्या व त्यांचीं हाडेंहि अधिक मोडलीं. साठ हजार युनिटांचीं पाकिटें मनास येईल तेव्हां फोडणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. आणि ज्यांचीं मूत्रपिंडें खरोखर दुबळीं आहेत त्यांनीं क्रिएटीन काय किंवा वाढीव प्रथिनें काय, डॉक्टरांच्या संमतीवांचून घेऊं नयेत.

आतां व्यायामाची रीत. त्याला आखाडा लागत नाहीं. भिंतीला टेकवून ठेवलेली, न हलणारी एक खुर्ची घ्यावी. हात छातीवर बांधून तिच्यावरून उठावें, आणि तीन अंक मोजण्याइतका वेळ घेऊन सावकाश बसावें. बसण्याची ही सावकाशीच मांडीला खरा भार देते. धपकन बसणाऱ्यानें अर्धा व्यायाम खुर्चीला दिला असें समजावें. आठ ते बारा वेळां केलें कीं विसांवा घेऊन पुन्हा तितकेंच. प्रारंभीं हातांचा आधार लागला तरी लाजूं नये. स्वयंपाकघराचा ओटा धरून टांचा उचलणें पोटऱ्यांसाठीं; भिंतीवर तळवे टेकून अंग मागेंपुढें करणें छाती व दंडांसाठीं; आणि ओट्याशींच एका पायावर उभें राहणें तोलासाठीं. आठवड्यांत दोन किंवा तीन दिवस, मध्यें एकेक दिवस सोडून. जोर लावतांना श्वास सोडावा. दम कोंडूं नये, त्यानें रक्ताचा दाब एकदम चढतो. छातींत दुखणें, चालतांना धाप, अंतर्गळ, ताब्यांत नसलेला रक्तदाब, यांपैकीं कांहीं असेल तर आधीं डॉक्टरांना विचारून घ्यावें.

पण या सर्वांत प्राण आहे तो वाढीचा. बारा वेळां उठणें सोपें वाटूं लागलें कीं तेथेंच थांबणारा मनुष्य त्या दिवसापासून व्यायाम करीत नाहीं, नुसता नेम पाळतो. पांच लिटरांचा तेलाचा रिकामा कॅन घरांत असतोच. त्यांत दोन लिटर पाणी भरून तो छातीशीं धरावा व उठावें. पंधरा दिवसांनीं तीन लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हां तराजूहि नको. पुढें खुर्चीऐवजीं ठेंगणें स्टूल. पहिल्या तीनचार आठवड्यांत जें बळ वाढतें, तें बहुतांशीं मज्जातंतु अधिक एकजुटीनें काम करूं लागल्यामुळें. मांस भरण्यास त्याहून वेळ लागतो. आरशांत कांहीं दिसेना म्हणून महिन्यानें सोडून देणाऱ्यांचें नुकसान यामुळेंच होतें.

आणि आजारांत काय? तेथेंच सर्वांत मोठी लूट होते. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या बारा निरोगी माणसांना प्रयोगासाठीं दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलें होतें. २००७ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. नुसत्या पायांचें सुमारें एक किलो मांस गेलें. ही माणसें आजारीहि नव्हतीं. म्हणून वडील तापांतून उठले किंवा शस्त्रक्रियेनंतर घरीं आले, तर डॉक्टरांनीं मनाई केली नसेल तेव्हां त्यांना दिवसांतून चार वेळां बाजेवरून उठवून खुर्चींत बसवावें, अंगणापर्यंत चालवावें. भेटीस येणाऱ्या पाहुण्यांनीं "पडून राहा हो, उठूं नका" हा आग्रह धरूं नये.

हें सगळें मीं पुरुषांना उद्देशून सांगितलें, कारण विषयच तसा ठरला होता. बोस्टनच्या त्या शंभरांत निम्म्याहून अधिक स्त्रियाच होत्या, आणि घरांतील आईनें हें ऐकून खुर्ची ओढली तर तिला कोणी अडवूं नये.

आपण कोठें आहों हें पाहण्याची एक सोपी परीक्षा आशियांतील तज्ज्ञांनीं २०१९ सालीं ठरवून दिली आहे. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पांच वेळां उठावें-बसावें. त्याला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर मांसदारिद्र्याची शंका घ्यावी. पुरुषाच्या पोटरीचा सर्वांत जाड ठिकाणचा घेर चौतीस सेंटिमीटरांहून कमी भरला, तरी तीच शंका. एका वहींत तारीख, सेकंद आणि पोटरीचा घेर लिहून ठेवावा, आणि आठ आठवड्यांनीं पुन्हा मोजावें. घड्याळ मात्र नातवाच्या हातीं द्यावें. कारण स्वतःचें घड्याळ स्वतः पाहणारा मनुष्य पांचव्या उठण्याला थोडी सवलत देतो, आणि नातू ती देत नाहीं.